मांजरतोंडीचं बी

तामसीकडून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये रेणुकाबाई आणि मी गेली सात-आठ वर्षं सोबत असतो. मी शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो, त्या बाजारात भाजी विकतात. आमचं गाव एकच, त्यामुळे ओळख माझ्या लहानपणापासूनची. पण माणूस काय मनात घेऊन बसलंय हे गावात राहून कळत नाही. ते मला बसमध्ये कळलं, तेही एकदम नाही, चार-सहा महिन्यांत थोडं थोडं.

रेणुकाबाईंची दीड एकराची वाडी आहे. वांगी, मेथी, मुळा, कोथिंबीर. पण त्यांचं नाव आहे ते रोपांसाठी. कांद्याचं रोप घ्यायला लोक पाच-पाच कोसांवरून येतात. बी चिमटीत धरून, नखाने दाबून त्या सांगतात, हे उगवेल, हे नाही. गावात कुणाचा तीळ काढणीला आला की आधी रेणुकाबाईंना बोलावणं जातं. तिळाचं बोंड एक दिवस आधी कापलं तर दाणा पोचट, एक दिवस उशीर झाला तर तोंड उघडून सगळा दाणा जमिनीत. तो मधला दिवस कोणता, हे त्या बोंडाचा रंग पाहून आणि हातात चुरडून सांगतात. त्यांचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नाही.

नवरा पंढरी जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा मुलगा अमर दहावीत होता. दिरांनी वाडी ठोक्याने दुसऱ्याला कसायला द्यायला सांगितली. बाईंनी ऐकलं नाही. बियाणं त्यांनी कधी विकत आणलं नाही, स्वतःचंच धरलं, राखेत घालून गाडग्यात ठेवलं, आणि त्यावर घर चालवलं. अमरला त्यांनी शिकवलं, त्याचं लग्न केलं.

सून आली बाजारहत्नूरची. नाव चंचल, पण स्वभाव नावाच्या उलट. शांत, नीटनेटकी, शेतीचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलेली. सासूला ती मामी म्हणे, आमच्याकडच्या बऱ्याच घरांत म्हणतात तसं. पहिलं वर्षभर ती वही घेऊन रेणुकाबाईंच्या मागे फिरायची. हे बी किती खोल, ते किती दिवसांनी, पाणी सकाळी का संध्याकाळी. बाईंना सुरुवातीला हसू यायचं. मग सवय झाली. मग ते आवडायला लागलं.

"आजवर मले कोणी इचारलंच नव्हतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "रोप घ्यायचे आन् चालले जायचे. हे पोरगी इचारे, आन् लिहून घे."

दुसऱ्या वर्षी चंचलला तिच्या रुपा मॅडमकडून एक पुडी आली. रुपा मॅडम तिला डिप्लोमाला शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या हिमाचलात फिरायला गेल्या होत्या. तिथे डोंगरातल्या एका कुरणात लहान लहान रानटी व्हायोलाची फुलं होती, त्यांचं बी मॅडमनी स्वतः गोळा केलं होतं. ही फुलं खातात. केकवर लावतात, सरबतात घालतात. मॅडमनी पुडीवर लिहिलं होतं, "हे शुद्ध रानातलं बी आहे. दुकानातल्या बियाला औषध लावलेलं असतं, ते खाण्याच्या फुलांसाठी घेऊ नकोस."

चंचलने अर्धं बी ऑगस्टमध्येच ट्रेमध्ये पेरलं. महिना झाला, एक अंकुर नाही. ती रोज सकाळी ट्रेवर वाकून बघायची. रेणुकाबाईंनी आणखी पंधरा दिवस वाट पाहिली, मग एके दिवशी म्हणाल्या, "पुडी आण इकडं."

त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले. खसखशीपेक्षा जरा मोठे, तपकिरी, गुळगुळीत.

"हे थंड्या मुलखातलं बी हाय. याले इथल्या गरमीत काय उगवावं वाटंल? दिवाळी होऊ दे. आन् उजेडात नको पेरू. बी पेर, वरून ओलं पोतं झाक, वाडीच्या खालच्या अंगाले, लिंबाच्या सावलीत. अंकुर दिसला का पोतं काढ."

चंचलने तसं केलं. आमच्याकडे दिवाळीनंतर थंडी अशी पडते की पहाटे हात पाण्यात घालवत नाही. अठराव्या दिवशी पोत्याखाली हिरवे ठिपके दिसले. जानेवारीच्या मध्याला पहिलं फूल आलं. दोन रुपयांच्या नाण्याएवढं. वरच्या दोन पाकळ्या जांभळ्या, खालच्या पिवळ्या, आणि मधून काळ्या बारीक रेषा, मांजराच्या मिशांसारख्या.

"मांजराचं तोंडच हाय," रेणुकाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या घरात ते फूल मांजरतोंडी झालं. चंचलने एक तोडून सासूच्या हातावर ठेवलं. बाईंनी खाऊन बघितलं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखं काहीतरी, मागून जरासं गोड. "पोट भरनार नाई," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

आदिलाबादला हर्षदीप नावाच्या एका तरुणाची बेकरी आहे. चंचलने डब्यात ओला कपडा घालून त्यावर फुलं मांडली आणि त्याला नेऊन दाखवली. त्याने एका केकवर लावली, फोटो काढला. आठवड्यात त्याच्याकडे विचारणा सुरू झाली. तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या हिवाळ्यात रोज पाच डबे लागतील. लग्नाच्या ऑर्डरी असतात. जमेल का?" चंचल म्हणाली, बी धरलं की जमेल.

अमरच्या मनात तेव्हा निर्मलला जायचं चाललं होतं. तिथे एका मित्राच्या ओळखीने माल पोचवायच्या गाडीवर काम मिळत होतं. चंचल नको म्हणत होती. "एक वर्ष थांबा," ती म्हणायची. "वाडीत दोन वाफे मले द्या, मंग पाहू."

सगळं इथपर्यंत चांगलं चाललं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एक मुलगा कॅमेरा घेऊन आला. शेतीचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकणारा, निजामाबादकडचा. हिंदी आणि तेलुगू बोलत होता. त्याने चंचलला फुलांच्या वाफ्यात उभं केलं, प्रश्न विचारले. हे कसं सुचलं, बी कधी पेरलं, पोतं झाकायची कल्पना कुणाची. चंचल उत्तरं देत होती. रेणुकाबाई पाठीमागे कांद्याच्या वाफ्यात निंदत होत्या. त्या उठून जवळ आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि सुनेच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"अम्मा, आप जरा बाजू में," तो मुलगा म्हणाला. "फ्रेम में आ रहे."

त्या बाजूला झाल्या. पोत्याच्या प्रश्नावर चंचल म्हणाली, अभ्यास केला, प्रयोग केला. सासूचं नाव काही तिच्या तोंडी आलं नाही. मुलगा जाताना कांद्याच्या रोपांतूनच गेला. तुडवलेली रोपं रेणुकाबाईंनी हाताने उभी केली, काही उभी राहिली नाहीत.

पुढच्या आठवड्यात बाजारातल्या बाया त्यांना तो व्हिडिओ दाखवू लागल्या. "रेणुकाबाई, सून लय हुशार हाय तुमची. तुमी काय कराता, तुमी आता आराम करा." त्या हसून हो म्हणायच्या.

"मले राग आला असंबी नाई," त्या मला सांगत होत्या. बस तेव्हा रेल्वेच्या फाटकाशी थांबलेली होती आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "राग आला असता तं भांडली असती. मले कसंतरी वाटून राह्यलं होतं. माह्या हातचं काही उरलंच नाई, असं."

मार्च उजाडला. झाडांना शेंगा धरल्या होत्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, खाली मान घातलेल्या. उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत हेच काय ते बी मिळणार होतं. पुडीतलं सगळं चंचलने पेरून टाकलं होतं, कारण ते जुनं झालं की उगवत नाही असं मॅडमनी सांगितलं होतं. त्यातच बाजारहत्नूरला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं निघालं. दोन दिवसांसाठी जायचं होतं. निघताना तिने सासूच्या हातात कागदी लिफाफा दिला.

"मामी, शेंगांकडं ध्यान ठेवजा. पिवळ्या झाल्या का यात टाकजा. मले यातलं कळत नाई तेवढं, तुमाले कळते."

"जा तू," रेणुकाबाई म्हणाल्या. "मी हाय."

पहिल्या दिवशी शेंगा हिरव्याच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाबाई वाफ्याजवळ गेल्या आणि उभ्याच राहिल्या. शेंगांनी माना वर केल्या होत्या. काल खाली बघत होत्या त्या आज सगळ्या आभाळाकडे. रंग पिवळसर. ह्या झाडाची शेंग त्या आयुष्यात प्रथमच पाहत होत्या, पण कुणी सांगायची गरज नव्हती. तीळ, तेरडा, सगळ्यांची रीत त्यांना माहीत होती. आज दुपारच्या उन्हात हे फुटणार.

लिफाफा कमरेला खोचलेला होता. शेंगा खुडायला अर्धा तास पुरला असता.

त्या तिथेच बांधावर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन चढलं तसा आवाज सुरू झाला. टिक, टिक. एकेक शेंग तिन्ही बाजूंनी उकलत होती आणि दाणे उडत होते. वाळलेल्या पानांवर, बांधावर, कांद्याच्या वाफ्यात. एक दाणा त्यांच्या पायावर येऊन पडला.

"मी पाहत बसली," त्या म्हणाल्या. "हात हालवला नाई. मनातल्या मनात म्हणत होती, ऊठ रेणुका, अजून अर्ध्या शेंगा हायत. उठली नाई. सगळ्या फुटल्या, मंग घरी आली आन् भाकरी खाल्ली."

चंचल संध्याकाळी आली ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन वाफ्यापाशी गेली. थोड्या वेळाने रेणुकाबाईंनी बघितलं तर ती गुडघ्यावर बसून माती बोटांनी चाळत होती. तपकिरी मातीत तपकिरी दाणा, दिसणार कसा. उजेड होता तोवर ती शोधत होती.

"माह्या ध्यानातच राह्यलं नाई पोरी," रेणुकाबाई म्हणाल्या. "कांदा निंदत होती, इसरली."

चंचलने वर बघितलं. मग उठून हात झटकले.

"असू द्या मामी."

आठ दिवसांत ऊन तापलं आणि झाडं करपली. रुपा मॅडमकडे पुन्हा मागायला चंचलला लाज वाटली. त्यांनी कुरणात वाकून वाकून गोळा केलेलं बी आपण दोन दिवस बारशाला जाऊन घालवलं, असं ती अमरला म्हणाली. सासूचं नाव तिने घेतलं नाही. दुकानातून एक पाकीट आणलं, तर दाण्यांवर निळं औषध चढवलेलं. ते तिने तसंच ठेवून दिलं. हर्षदीपला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी जमणार नाही.

वही घेऊन मागे फिरणं बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. स्वयंपाक, धुणं, वाडीतलं काम सगळं वेळेवर. फक्त ती काही विचारायची नाही. रेणुकाबाई आपणहून सांगायला लागल्या, की मुळ्याचं बी असं धर, गवारीचं तसं, तर ती "बरं" म्हणायची.

जूनमध्ये अमरने निर्मलचा विषय पुन्हा काढला. ह्या वेळी चंचल म्हणाली, "चला."

सामान टेम्पोत भरताना रेणुकाबाईंना वाटलं, आता सांगून टाकावं. टेम्पोवाला दोऱ्या आवळत होता. चंचल पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करजो." बस, एवढंच निघालं तोंडातून.

पुढचा हिवाळा आला. डिसेंबरात एका सकाळी रेणुकाबाई कांद्याचा वाफा निंदत होत्या. हात सवयीने चालत होता. उपटलेल्या तणात त्यांना एक पान दिसलं, कडेला दातरे असलेलं, छोटं. त्यांनी हात थांबवला. तीन रोपं उपटून झाली होती. उरलेली त्यांनी बोटाने माती बाजूला करत मोजली. अकरा निघाली. उन्हाळाभर तापलेल्या, पावसाळाभर भिजलेल्या मातीतून ती आली होती.

त्या अकरा रोपांची त्यांनी जशी निगा राखली तशी कशाचीच राखली नसेल. त्यांच्याभोवतीचे कांदे काढून टाकले, ऊन वाढलं तशी पळसाच्या पानांची सावली केली. मार्चमध्ये शेंगांनी माना वर केल्या त्या दिवशी बाजार बुडवला. एकेक शेंग खुडून, पातळ लुगड्याच्या फडक्यात बांधून सावलीत टांगली. फडक्याच्या आत ती दिवसभर फुटत राहिली. औषधाची लहान बाटली अर्धी भरली.

ती बाटली घेऊन त्या निर्मलला गेल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

अमरची खोली दुसऱ्या मजल्यावर. चंचल एका साडीच्या दुकानात काम करते, दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती गवार मोडत बसली होती. अमर खाली दूध आणायला गेला तेव्हा रेणुकाबाईंनी बाटली तिच्यापुढे ठेवली.

"मांजरतोंडीचं हाय. आपल्याच वाफ्यात उगवलं."

चंचलने बाटली उचलून उजेडात धरली.

"चंचल, त्या दिवशी मी इसरली नव्हती. मी तिथंच बसली होती. फुटू देल्लं मी."

चंचलने बाटली खाली ठेवली. गवारीची एक शेंग मोडली, दुसरी घेतली.

"माहीत हाय मले मामी."

"कवापासून?"

"त्याच दिवशीपासून. अख्खं गाव तुमाले तिळाचं इचाराले येते. तुमी शेंग इसरसान, हे कसं खरं वाटावं?"

"मंग बोलली काऊन नाई? चार शिव्या देल्ल्या असत्या तरी चाललं असतं."

"काय बोलू? तो व्हिडिओवाला तुमाले बाजूले व्हा म्हणला, तवा मीबी काही बोलली नाई. पोतं झाकाचं तुमीच सांगतलं होतं. म्या म्हणायले पायजे होतं, हे सारं याइनं शिकवलं. मले माहीत होतं म्हणावं म्हणून. पण त्या येळेस सगळे माह्याकडंच पाहत होते, आन् मले ते लय बरं वाटून राह्यलं होतं." तिने मोडलेली शेंग बाजूला टाकली. "तुमी कांद्याचे रोपं उभे करत होता तेबी म्या पाहलं होतं."

रेणुकाबाईंनी तिच्यापुढची गवार आपल्याकडे ओढून एक शेंग मोडली.

"चाल घरी," त्या म्हणाल्या. "दोन वाफे देतो तुले. चार देतो."

"आता कसं होईन मामी. याइचं काम इथं लागलं, माह्यंबी लागलं. हे बी इथं कुठं लावू मी? गच्चीवर जाऊ देत नाई मालक." तिने बाटली सासूच्या पिशवीत ठेवली, वरून रुमाल नीट झाकला. "तुमच्याकडंच राहू द्या."

तेवढ्यात अमर दूध घेऊन आला. चंचलने चहा केला, जेवायला थांबवलं, निघताना बसपर्यंत सोडायला आली. खिडकीतून पाण्याची बाटली दिली. सुनेने करायचं ते सगळं तिने केलं. रेणुकाबाई म्हणतात, ती रडली असती किंवा ओरडली असती तर मी आशा धरली असती.

परतीच्या वाटेवर त्या आदिलाबादला उतरून हर्षदीपकडे गेल्या, पुढच्या हिवाळ्याचं विचारायला. त्याने ओळखलं, बसायला खुर्ची दिली. पण त्याच्या काचेच्या कपाटात आता साखरेची तयार फुलं होती, हैदराबादहून येणारी, बारा महिने मिळणारी. "मावशी, त्या वहिनी आल्या तर सांगा," तो म्हणाला. "तेव्हा गिऱ्हाईक तयार झालं होतं. एक वर्ष खंड पडला आणि लोक विसरले."

ह्या हिवाळ्यात त्यांनी एक अख्खा वाफा लावला. जानेवारीत मी बघायला गेलो होतो, तर जांभळ्या-पिवळ्या फुलांनी जमीन दिसत नव्हती. माझ्या मुलीने दोन तोडून खाल्ली. बाकीची तशीच झाडावर. विकत का नाही म्हणून मी विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी गिऱ्हाईक शोधा, मग डबे भरा, ओला कपडा घाला, ते मले जमत नाई. ते तिले जमे.

संक्रांतीला अमर आणि चंचल दोन दिवस येऊन गेले. पुढच्या सोमवारी बसमध्ये मी मुद्दाम विचारलं, वाफा पाहिला का तिने?

"पाहला," रेणुकाबाई म्हणाल्या. "एकटीच गेली. बराच येळ उभी होती तिथं. एका झाडाजवळ तण होतं, ते उपटलं तिनं. मंग आली घरात."

"काही बोलली?"

"म्हणे, पाणी जास्त होऊन राह्यलं, पानं पिवळी पडतील."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणली," त्या म्हणाल्या. "पाणी कमी केलं."

बाजार आला. त्यांनी वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली, मेथीच्या जुड्या मी खाली दिल्या, आणि त्या गर्दीतून आपल्या जागेकडे चालू लागल्या.